इंटिग्रलचं डेरिव्हेटिव्ह काढताना उत्तर जुळत नसेल, तर कुठून तपासायचं

बारावीच्या आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगलीत गणित शिकवताना एक बिघाड इतक्यांदा हाताखालून गेलाय, की वहीतली शेवटची ओळ बघितली तरी कुठं घसरलंय ते बहुतेक वेळा कळतं. गणित असं असतं: इंटिग्रेशनचं चिन्ह, त्याच्या वर-खाली लिमिट्स, आणि सगळ्याच्या बाहेर डी बाय डीएक्स. कुणी दोन पानं भरतं, कुणी अर्ध्या ओळीत मोकळं होतं, आणि दोघांचंही पुस्तकामागच्या उत्तराशी जुळत नाही. "सर, आन्सर जुळंना" हे वाक्य डेफिनिट इंटिग्रेशन संपत आलं की ठरल्यासारखं येतं.

मोबाइलवर नीट वाचता यावं म्हणून लिमिट्स कंसात लिहितोय. ∫[० ते एक्स] म्हणजे खाली ०, वर एक्स. आतल्या फंक्शनचं चल टी.

लक्षणं

आधी आपलं उत्तर समोर ठेवा आणि यातलं काय दिसतंय ते बघा.

- उत्तरात टी उरलाय.
- उत्तर जवळजवळ बरोबर आहे, पण पुस्तकात पुढं २ एक्स किंवा ३ एक्स² गुणलेलं आहे आणि तुमच्याकडं नाही.
- सगळं जुळतं, फक्त चिन्ह उलटं.
- शेवटी '− १' किंवा '− एफ(०)' असं एक शेपूट लागलंय.
- शेवटी '+ सी' आलाय.
- शून्य यायला नको तिथं शून्य आलंय, किंवा यायला हवं तिथं नाही.
- उत्तर आलेलंच नाही. ई^(टी²) चं इंटिग्रेशन करता करता पान संपलंय.

एक गोष्ट आधीच सांगतो. सीईटीत किंवा जेईईत आपलं उत्तर चार पर्यायांत सापडलं म्हणजे ते बरोबर, असं धरू नका. पेपर काढणाऱ्याला वरची यादी तोंडपाठ असते. एक पर्याय २ एक्स विसरणाऱ्यासाठी, एक चिन्ह चुकवणाऱ्यासाठी, हे ठरलेलं. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी गणिताच्या एका प्रश्नाचे २ मार्क जातातच. जेईई मेनमध्ये ४ मिळायचे राहतात आणि वर १ कापला जातो.

पेन खाली ठेवून: एक्स बसलाय कुठं?

ही तपासणी फुकटची आहे. प्रश्नात जिथं जिथं एक्स दिसेल तिथं पेन्सिलीनं गोल करा. डीएक्समधला सोडून. एक्स वरच्या लिमिटमध्ये असेल, खालच्या लिमिटमध्ये असेल, आतल्या फंक्शनमध्ये असेल, किंवा कुठंच नसेल. पुढची सगळी दुरुस्ती या गोलांवर अवलंबून आहे, म्हणून हे डोळ्यांनी न करता खरंच गोल करून करा.

कुठंच गोल झाला नाही तर काम संपलं. ∫[० ते १] ई^(टी²) डीटी ही एक संख्या आहे, साधारण १.४६२७. संख्येचं डेरिव्हेटिव्ह शून्य. आतलं फंक्शन कितीही भयानक दिसू दे, दोन्ही लिमिट्स संख्या आहेत आणि आत एक्स नाही, तर उत्तर शून्यच.

इथंच आणखी एक बघून घ्या: डी बाय बाहेर आहे की आत? ∫[० ते १] च्या आत डी/डीटी (ई^(टी²)) असेल तर आधी डेरिव्हेटिव्ह घेतलंय आणि मग बेरीज केलीय. तिथं उत्तर ई − १ येतं, शून्य नाही. दोन्ही प्रश्न कागदावर जुळ्या भावंडांसारखे दिसतात आणि घाईत हमखास अदलाबदल होते.

टी उरला असेल तर समजा की तुम्ही मध्येच कुठंतरी थांबलाय. टी फक्त आतल्या बेरजेपुरता असतो. त्याच्या जागी यू लिहिलात, झेड लिहिलात, तरी इंटिग्रल तेच. लिमिट्स घातल्यावर तो बाहेर दिसायलाच नको.

'+ सी' बद्दल फार बोलत नाही. लिमिट्स आहेत तिथं सी नाही. लिमिट्स नसल्या आणि बाहेर डी बाय डीएक्स असलं, तर सी डेरिव्हेटिव्हमध्ये मरतो. कसंही करून तो उत्तरात येत नाही.

इंटिग्रेट करायला घेतलंय का? मग थांबा

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो. प्रश्न असतो:

डी/डीएक्स ∫[० ते एक्स] ई^(टी²) डीटी

आणि मुलं ई^(टी²) चं इंटिग्रेशन शोधायला निघतात. सबस्टिट्यूशन, मग बाय पार्ट्स, मग परत सबस्टिट्यूशन. ते सापडणार नाही. बहुपदी, साइन-कॉस, लॉग, घातांक, मुळं या नेहमीच्या सामानातून त्याचं इंटिग्रेशन बांधताच येत नाही. अशा प्रश्नांचा पाया लिउव्हिल या फ्रेंच गणितज्ञानं १८३० च्या दशकात घातला. म्हणजे हुशारी कमी पडत नाहीये, वाटच बंद आहे.

त्या वाटेनं जायची गरजही नाही. उत्तर ई^(एक्स²), एका ओळीत. फंडामेंटल थिअरमचा पहिला भाग एवढंच सांगतो: खाली पक्की संख्या, वर एक्स, आत सलग फंक्शन, तर डेरिव्हेटिव्ह म्हणजे आतलं फंक्शन, टीच्या जागी एक्स घालून.

हे असं का, ते कोयनेवरून चटकन कळतं. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी (१ टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), आणि पावसाळ्यात सांगली-साताऱ्यात आवक आणि विसर्गाचे आकडे लहान पोरांनाही पाठ असतात. आजचा साठा म्हणजे १ जूनचा साठा अधिक १ जूनपासून आजपर्यंतच्या 'आवक वजा विसर्ग'चं इंटिग्रल. आता कुणी विचारलं की साठा या क्षणाला कोणत्या वेगानं वाढतोय, तर १ जूनपासूनची बेरीज पुन्हा मांडायला कोण बसेल? आत्ताची आवक बघायची, आत्ताचा विसर्ग वजा करायचा. समजा आवक ४०,००० क्युसेक आणि विसर्ग ५,०००. साठा सेकंदाला ३५,००० घनफुटांनी वाढतोय. दिवसभर ११,५७४ क्युसेक येत राहिलं की १ टीएमसी होतो, म्हणजे हा वेग दिवसाला साधारण ३ टीएमसीचा. जूनमध्ये काय झालं, जुलैत किती उघडीप होती, याचा या उत्तराशी संबंध नाही. साठा हे इंटिग्रल, आत्ताचा प्रवाह हे त्याचं डेरिव्हेटिव्ह.

एनसीईआरटीच्या पुस्तकात हेच 'एरिया फंक्शन' म्हणून येतं. मुलं ते पान उलटून पुढं जातात, कारण त्यावर थेट प्रश्न येत नाही. माझ्या मते त्या प्रकरणातलं सगळ्यात कामाचं पान तेच आहे.

शेपूट: एफ(एक्स) − एफ(०)

डी/डीएक्स ∫[० ते एक्स] कॉस टी डीटी चं उत्तर 'कॉस एक्स − १' असं लिहिलेलं खूप वह्यांत सापडतं. डोक्यात 'वरची घाला, खालची घाला, वजा करा' हा फंडामेंटल थिअरमच्या दुसऱ्या भागाचा नियम असतो आणि तो चुकीच्या फंक्शनवर चालवला जातो. वजाबाकी होते ती इंटिग्रेट केलेल्या फंक्शनची: साइन एक्स − साइन ०. त्याचं डेरिव्हेटिव्ह कॉस एक्स. साइन ० ही संख्या होती, गेली.

खालची लिमिट ० असो, ५ असो, −१०० असो, ती संख्या असेल तर डेरिव्हेटिव्ह तेच राहतं. १ जूनला धरणात किती पाणी होतं यावर आजचा प्रवाह ठरत नाही, तसंच.

याची उलट बाजूही लक्षात असू द्या. डेरिव्हेटिव्ह घेतल्यावर खालच्या लिमिटची माहिती पुसली जाते, आणि कधी कधी प्रश्न तीच विचारतो. ∫[ए ते एक्स] एफ(टी) डीटी = एक्स² − ९ दिलंय, एफ आणि ए काढा. डेरिव्हेटिव्हवरून एफ(एक्स) = २ एक्स मिळतं, पण ए मिळत नाही. ए साठी मूळ समीकरणात एक्स = ए घाला: डावीकडं शून्य, उजवीकडं ए² − ९. ए = ३ किंवा −३. ही युक्ती शून्य खर्चाची आहे, आणि विसरली तर अर्धा प्रश्न अडून बसतो.

चिन्ह उलटं येतंय

एक्स खालच्या लिमिटमध्ये आहे का बघा. ∫[एक्स ते ३] ई^(−टी²) डीटी मध्ये एक्स वाढला की पट्टा आखूड होतो, क्षेत्रफळ कमी होतं, म्हणून डेरिव्हेटिव्ह −ई^(−एक्स²). लिमिट्स उलटवून पुढं वजा लावा आणि मगच पुढं जा. हे मनातल्या मनात करू नका. लिहिण्यात एक ओळ जाते, पण वजा हरवत नाही.

२ एक्स कुठं गेला?

वह्यांचा सगळ्यात मोठा गठ्ठा इथं अडकतो, त्यामुळं जरा थांबून बघू.

डी/डीएक्स ∫[० ते एक्स²] कॉस टी डीटी

मुलगा टीच्या जागी एक्स² घालतो, कॉस(एक्स²) लिहितो आणि खाली दोन रेघा ओढतो. बरोबर उत्तर २ एक्स·कॉस(एक्स²). हे तर इंटिग्रेट करूनही तपासता येतं: इंटिग्रल साइन(एक्स²), त्याचं डेरिव्हेटिव्ह चेन रूलनं काढा. सरळ साइन(एक्स²) दिलं असतं तर याच मुलानं २ एक्स विसरला नसता. इंटिग्रेशनचं चिन्ह दिसलं की चेन रूल आठवत नाही, एवढाच बिघाड आहे.

का गुणायचं ते बारकाईनं बघा. एक्स थोडासा, समजा एच एवढा वाढला. वरची लिमिट एच एवढी वाढत नाही; ती एक्स² वरून (एक्स + एच)² वर जाते, म्हणजे जवळजवळ २ एक्स·एच एवढी सरकते. क्षेत्रफळात जी नवी पट्टी आली तिची उंची कॉस(एक्स²) आणि रुंदी २ एक्स·एच. एचनं भागलं की २ एक्स·कॉस(एक्स²). २ एक्स ही पट्टीची रुंदी आहे. ती गाळली तर लिमिट एक्सच्याच चालीनं सरकते असं तुम्ही गृहीत धरलं.

दोन्ही लिमिट्समध्ये एक्स असेल तर वरच्यातून खालचं वजा, आणि प्रत्येकाला त्याच्या त्याच्या लिमिटचं डेरिव्हेटिव्ह गुणा:

डी/डीएक्स ∫[एक्स ते एक्स²] ई^(टी²) डीटी = २ एक्स·ई^(एक्स⁴) − ई^(एक्स²)

कोयनेच्या भाषेत बोलायचं तर 'गेल्या २४ तासांतला पाऊस' हा असाच दोन्ही टोकांनी सरकणारा आकडा. महाबळेश्वरचा २४ तासांचा आकडा आत्ता वाढतोय की उतरतोय, हे आत्ताच्या पावसाचा जोर वजा बरोबर २४ तासांपूर्वीचा जोर यावरून ठरतं. म्हणून आत्ता धो धो पडत असतानाही तो आकडा उतरू शकतो. काल याच वेळी याहून जोराचा असेल तर.

आता हे उत्तर कॅल्क्युलेटरच्या साध्या बटणांवर तपासू. एक्स = १ घ्या. सूत्रातून २ई − ई = ई, म्हणजे २.७१८. २ एक्स विसरलेल्याचं उत्तर ई − ई = ० येतं. कोण खरं? एक्स = १ ला इंटिग्रल शून्य आहे, कारण दोन्ही लिमिट्स १ आहेत. एक्स = १.००१ केला की खालची लिमिट १.००१, वरची १.००२००१. मधला पट्टा ०.००१००१ रुंद. मधोमध टी साधारण १.००१५, तिथं ई^(टी²) साधारण २.७२६. गुणाकार ०.००२७२९. एक्स ०.००१ नं वाढला होता, त्यानं भागा: २.७२९. २.७१८ च्या शेजारी आहे, शून्याच्या आसपासही नाही.

एवढी खात्री घरी दोन मिनिटांत होते. कॅसिओच्या एफएक्स-९९१ वर्गातल्या कॅल्क्युलेटरला इंटिग्रेशनचं बटणही असतं, त्यावर तर अजून लवकर. फक्त आत साइन-कॉस असतील तर मोड रेडियनवर आहे ना ते बघा. डिग्रीवर ठेवलेल्या कॅल्क्युलेटरनं बरोबर उत्तर चूक ठरवलेलं बरंच पाहिलंय, आणि मग मुलगा बरोबर असलेली पायरी खोडतो.

चेन रूलसोबत एक छोटा खड्डा येतो. एक्स शून्याकडे जाताना (∫[० ते एक्स²] साइन(√टी) डीटी) / एक्स³ ची लिमिट काढा, हा सरावाच्या संचांमध्ये फिरणारा प्रश्न. एल हॉपिटलचा नियम लावा (० भागिले ० येतं, तेव्हा वरचं आणि खालचं वेगवेगळं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं), वर २ एक्स·साइन(√(एक्स²)), खाली ३ एक्स², उत्तर २/३. पण √(एक्स²) म्हणजे एक्स नव्हे, |एक्स|. उजवीकडून २/३ येतं, डावीकडून −२/३. प्रश्नात 'शून्याकडे उजवीकडून' असं नसेल तर खरं उत्तर 'लिमिट अस्तित्वात नाही' असं आहे. पर्यायांत ते नसेल तर २/३ वर खूण करा आणि पुढं चला, पण काय चाललंय ते माहीत असू द्या.

एक्स आत शिरलाय

इथून पुढं खर्च वाढतो. वर केलेले पेन्सिलीचे गोल बघा. एखादा गोल इंटिग्रलच्या पोटात असेल, तर आत्तापर्यंतचा नियम जसाच्या तसा लावायचा नाही.

डी/डीएक्स ∫[० ते एक्स] (एक्स − टी)·कॉस टी डीटी

जुना नियम लावला तर टी = एक्स घालून (एक्स − एक्स)·कॉस एक्स = ०. म्हणजे हे इंटिग्रल एक्स बदलला तरी बदलतच नाही? एक्स = ० ला ते ० आहे. एक्स = π ला ते २ आहे. मग शून्य कसं असेल?

बिघाड असा की इथं एक्स दोन कामं करतोय. लिमिट सरकवतोय, आणि सोबत आतल्या सगळ्या पट्ट्यांची उंचीही बदलतोय. जुना नियम फक्त टोकाची पट्टी मोजतो.

स्वस्तातली दुरुस्ती: एक्स बाहेर काढता येतो का बघा. आतलं इंटिग्रेशन टीच्या हिशोबानं चाललंय, त्यामुळं तिथं एक्स ही संख्याच आहे. गुणाकारात असेल तर तो बाहेर येतो.

एक्स·∫[० ते एक्स] कॉस टी डीटी − ∫[० ते एक्स] टी·कॉस टी डीटी

आता पहिल्या भागाला प्रॉडक्ट रूल, दुसऱ्याला साधा नियम: साइन एक्स + एक्स·कॉस एक्स − एक्स·कॉस एक्स. उरलं साइन एक्स. मूळ इंटिग्रल १ − कॉस एक्स आहे, त्याच्याशी जुळतं. प्रॉडक्ट रूल विसरला तर साइन एक्स ही टर्म गळते आणि पुन्हा शून्य येतं, म्हणून इथं दुसऱ्यांदा बघा.

एक्स गुणाकारात नसेल, साइन(एक्स·टी) किंवा एफ(एक्स − टी) असा गुंतलेला असेल, तर सबस्टिट्यूशन करून बघा. एफ(एक्स − टी) ला यू = एक्स − टी घेतलं की एक्स आतून निघून लिमिटमध्ये येतो आणि आपण परत ओळखीच्या रस्त्याला लागतो. लिमिट्स बदलायला विसरू नका, आणि डीटी = −डीयू मधला वजाही. इतकं सांगूनही तो वजा सुटतोच.

तेही जमलं नाही तर पूर्ण नियम

डी/डीएक्स ∫[ए(एक्स) ते बी(एक्स)] एफ(एक्स, टी) डीटी
= एफ(एक्स, बी)·बी′ − एफ(एक्स, ए)·ए′ + ∫[ए ते बी] (∂एफ/∂एक्स) डीटी

हा लायब्निट्झचा नियम. ∂एफ/∂एक्स म्हणजे टी स्थिर धरून फक्त एक्सच्या हिशोबानं काढलेलं डेरिव्हेटिव्ह. सीईटीच्या अनेक फॉर्म्युला शीटवर याच नावाखाली फक्त पहिल्या दोन टर्म्स छापलेल्या असतात. आत एक्स नसेल तर तिसरी टर्म शून्य असते आणि तेवढ्यानं भागतं, म्हणून कुणी तक्रार करत नाही. पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात 'डिफरन्शिएशन अंडर इंटिग्रल साइन' आलं की तीच शीट घात करते. शीट जवळ ठेवायची असेल तर तिसरी टर्म आजच पेननं लिहून टाका.

एक उदाहरण दोन्ही वाटांनी करून ठेवा, म्हणजे विश्वास बसतो. एक्स > ० असताना

∫[एक्स ते एक्स²] साइन(एक्स·टी)/टी डीटी

पूर्ण नियमानं: वरच्या टोकाकडून साइन(एक्स³)/एक्स² गुणिले २ एक्स, म्हणजे २ साइन(एक्स³)/एक्स. खालच्या टोकाकडून वजा साइन(एक्स²)/एक्स. तिसऱ्या टर्ममध्ये आतून टी कटतो, कॉस(एक्स·टी) उरतो, त्याचं इंटिग्रेशन (साइन(एक्स³) − साइन(एक्स²))/एक्स. एकूण

(३ साइन(एक्स³) − २ साइन(एक्स²)) / एक्स

सबस्टिट्यूशननं: यू = एक्स·टी. इंटिग्रल ∫[एक्स² ते एक्स³] साइन यू/यू डीयू होतं. आत एक्स नाही. साध्या नियमानं एका ओळीत तेच उत्तर. तिसरी टर्म गाळली असती तर ३ आणि २ च्या जागी २ आणि १ आले असते, आणि दोन वाटांची उत्तरं भांडली असती. असा घरच्या घरी पंच मिळतो, तो वापरा.

आतलं फंक्शन तुटलंय का?

सिद्धांतात 'सलग फंक्शन' ही अट उगाच नाही. टी < ० ला −१ आणि टी ≥ ० ला १ असं फंक्शन घ्या. ∫[० ते एक्स] काढलं तर |एक्स| मिळतो. शून्याजवळ त्याला टोक आहे, तिथं डेरिव्हेटिव्ह नाहीच; 'एफ(०) = १' असं उत्तर लिहिलं तर चूक. ग्रेटेस्ट इंटिजर फंक्शन आत असेल तर पूर्णांकांच्या जागी हाच प्रकार. बाकी ठिकाणी नियम खुशाल चालवा.

याहून वाईट म्हणजे आतलं फंक्शन मध्येच अनंताला जाणं. ∫[−१ ते एक्स] १/टी² डीटी, एक्स धन. यांत्रिकपणे काढलं तर −१/एक्स − १, म्हणजे ऋण. धन फंक्शनचं क्षेत्रफळ ऋण आलं की समजायचं, शून्यावरून पूल नसताना गाडी नेलीय. हे इंटिग्रल मुळात अस्तित्वातच नाही, तर डेरिव्हेटिव्ह कशाचं?

इथं थांबा आणि जाणकाराकडं जा

वरची लिमिट अनंत असेल आणि एक्स आत असेल, तर पुढची पायरी स्वतःच्या जबाबदारीवर टाकू नका. ∫[० ते ∞] साइन(एक्स·टी)/टी डीटी घ्या. एक्स > ० साठी याची किंमत π/२, एक्स कोणताही असो. म्हणजे डेरिव्हेटिव्ह शून्य. पण डेरिव्हेटिव्ह आत ढकललं तर ∫[० ते ∞] कॉस(एक्स·टी) डीटी मिळतं, आणि ते कुठल्याही संख्येवर स्थिरावत नाही. प्रत्येक पायरी पाठ केलेल्या नियमाप्रमाणं, शेवट मात्र अर्थहीन. डेरिव्हेटिव्ह आत कधी नेता येतं याला अटी आहेत, त्या युनिफॉर्म कन्व्हर्जन्स आणि डॉमिनेटेड कन्व्हर्जन्सच्या प्रकरणात येतात, आणि त्या अंदाजानं तपासायच्या नसतात.

टोकाला शून्यानं भागाकार होत असेल तरी थांबा. ∫[० ते एक्स] १/√(एक्स − टी) डीटी ला पूर्ण नियम लावला की टी = एक्स ला पहिली टर्म अनंत आणि तिसरी टर्म वजा अनंत. यू = एक्स − टी केलं तर इंटिग्रल २√एक्स आणि डेरिव्हेटिव्ह १/√एक्स, अगदी सरळ. इथं सबस्टिट्यूशननं वाचवलं. वर १ च्या जागी दुसरं अवघड फंक्शन असेल तर वाचवेलच असं नाही.

मूळ फंक्शन कुठं तुटतंय हेच एक्सवर अवलंबून असेल, किंवा दोन वाटांची उत्तरं दोनदा तपासूनही वेगळी येत असतील, तरीही तेच. अशा वेळी सीईटीचे शॉर्टकट शिकवणारा माणूस उपयोगाचा नाही, मीही बऱ्याचदा नाही. बीएस्सी-एमएस्सीला रिअल अ‍ॅनालिसिस शिकवणारे सर किंवा मॅडम गाठा. सांगलीत विलिंग्डन कॉलेज आहे, इंजिनिअरिंगवाल्यांना वालचंद किंवा कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय जवळ, साताऱ्यात यशवंतराव चव्हाण सायन्स, आणि विद्यापीठाचा विभाग कोल्हापुरात.

जाताना मूळ प्रश्न जसाच्या तसा न्या, तुम्ही सोपा करून लिहिलेला नको. एक्स कुठल्या रेंजमध्ये आहे ते सोबत असू द्या. 'एक्स > ०' एवढं गाळलं तर बरोबर उत्तरही चूक वाटतं. सोबत तुमच्या दोन वाटा आणि एखाद्या एक्सला केलेली आकड्यांची तपासणी एकाच कागदावर घ्या, आणि ज्या ओळीपासून खात्री नाही तिच्या शेजारी खूण करा.